यादीबाहेरचा प्रश्न

"नळी नको मला. घरी न्या," वासंतीबाई म्हणाल्या आणि केतकीच्या डोक्यात तिडीक उठली.

वासंतीबाई म्हणाल्या म्हणजे त्यांचा मुखत्यार म्हणाला. खुद्द वासंतीबाई मिरजेच्या त्या दवाखान्यात पलंगावर डोळे मिटून पडल्या होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यानं त्यांची वाचा नेली होती आणि परवाच्या झटक्यानं गिळण्याची ताकद नेली. आवाज आला तो उशाशी ठेवलेल्या, सुपारीच्या डबीएवढ्या यंत्रातून. आवाज मात्र अस्सल आईचा होता, जरा घोगरा आणि वाक्याच्या शेवटी खाली टेकणारा.

"ऐकलंत?" डॉ. शिरीन मुजावर म्हणाल्या. "पोटातून नळी घातली, तर वर्षभर काढतील, कदाचित जास्तही. पण अशाच, पडून. नाही घातली, तर चमच्यानं जेवढं जाईल तेवढं. मग मात्र दिवस थोडे. मुखत्यार नाही म्हणतोय, तेव्हा मला नळी घालता येणार नाही."

"ही माझी आई बोलत नाहीये," केतकी म्हणाली.

"तुमच्या आईंचाच मुखत्यार आहे ना हा?"

"आहे. पण ही आई नाही. हे कुणीतरी तिच्या तोंडी घातलंय."

'कुणीतरी' म्हणताना तिनं पलंगाच्या पलीकडे पाहिलं. तिथं धाकटा भाऊ कौस्तुभ उभा होता आणि त्याच्या मागे, नुकतीच दारातून आत आलेली, थर्मास छातीशी धरलेली त्याची बायको प्रणिता. अकोल्याची मुलगी. लग्न होऊन आल्या दिवसापासून केतकीला ती पसंत नव्हती आणि ही नापसंती केतकीनं कधी फारशी लपवलीही नव्हती. कॉरिडॉरमध्ये आल्या आल्या तिनं तोंड सोडलं.

"आई जड झाली ना तुम्हाला? सरळ सांगायचं. मी पुण्याला घेऊन गेले असते."

"ताई, हळू बोल. दवाखाना आहे," कौस्तुभ म्हणाला.

"दवाखाना आहे हे मला दिसतं. इथं लोक बरं करायला आणतात, उपाशी मारायला नाही!"

"उपाशी कोण मारून राहिलं, ताई?" प्रणिता पहिल्यांदाच बोलली. "आईंनीच सांगितलं न."

"तू तर बोलूच नकोस. आईच्या मुखत्याराला कुणी काय शिकवलंय, ते आज संध्याकाळपर्यंत मी काढून दाखवते. माझा धंदाच आहे तो."

धंदा खरोखरच तो होता. राज्याच्या मुखत्यार तपासणी विभागात नवे तपासनीस तयार करण्याचं काम केतकी करायची. मुखत्यार म्हणजे काय हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: म्हाताऱ्यांचं, आजाऱ्यांचं, परगावी असलेल्यांचं बोलणंचालणं, सह्या, होकार-नकार सांभाळणारा प्रोग्रॅम. पण तो आतून कसा असतो, हे त्याच्या भरवशावर घर सोडून जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. लोकांनी मोटारीचं बॉनेट तरी कधी उघडलं होतं म्हणा!

प्रोग्रॅमिंगच्या भाषा दोन वळणांच्या. एकीत सगळं आधी ठरतं. छापून आलेल्या लग्नपत्रिकेत मग नवऱ्या मुलाचं नाव बदलत नाही, तसं. दुसरीत प्रोग्रॅम चालू असतानाच त्याला नवं काही शिकवता येतं. मुखत्यार या दुसऱ्या भाषेत घडवलेले, कारण माणसंही चालता चालताच बदलतात. अशा भाषेत प्रत्येक मुखत्यार हा एक ऑब्जेक्ट असतो. त्याच्यापाशी काही आठवणी असतात आणि काही कृती असतात: वीजबिल भरणे ही एक कृती, औषधाची वेळ सांगणे ही एक कृती. गंमत अशी की, या ऑब्जेक्टला चालू असतानाच विचारता येतं, 'बाबा रे, तुला काय काय येतं?' आणि तो आपल्या कृतींची यादी घडाघडा म्हणून दाखवतो. हा प्रश्न विचारण्याचा हक्क कायद्यानं घरच्या प्रत्येकाला दिला होता. यादी मागितली की झाली तपासणी, असा लोकांचा समज.

केतकी पहिल्याच तासाला हा समज मोडून काढायची. "स्थळाची चौकशी मुलाच्याच घरी बसून करता का?" ती विचारायची. "तिथं मुलगा निर्व्यसनीच असतो. चौकशी करायची ती शेजारी. यादी म्हणजे ऑब्जेक्टनं स्वतःबद्दल सांगितलेलं. तिच्यावर थांबू नका. हाक मारा, आणि हाक कुठं जाते ते बाहेरून बघा."

कारण या भाषेत एक मागचं दार असतं. यादीत नसलेलं काही विचारलं, तर साधा ऑब्जेक्ट 'हे मला येत नाही' म्हणून गप्प बसतो. पण त्याला आधीच बजावून ठेवता येतं, की 'तुला येत नसेल ते अमक्याकडे पाठव.' मग प्रश्न त्या अमक्याकडे जातो, तिथून उत्तर येतं आणि ऑब्जेक्ट ते आपल्याच आवाजात म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, यालाच येतंय. तपासनिसांच्या बोलीत याला 'सोपवण' म्हणत. सोपवण यादीत दिसत नाही, कारण ती कृती नव्हेच. न येणाऱ्या सगळ्या कृतींची ती वाट आहे. कायद्यानं ती रिकामी ठेवता येत नसे, कारण माणूस बेशुद्ध असताना डॉक्टरांना कुणीतरी उत्तर द्यायलाच हवं. कुणाचंच नाव घातलेलं नसेल, तर ती आपोआप थोरल्या अपत्याकडे जाई.

वासंतीबाईंचं थोरलं अपत्य केतकी. दोन वर्षांत आईचा एकही प्रश्न तिच्याकडे आला नव्हता. याचं तिला आश्चर्य वाटायला हवं होतं. तिला वाटला तो अभिमान. आपल्या आईनं मुखत्याराला किती भरभरून शिकवलंय, काही म्हणून काही उरलं नाही, असं ती सहकाऱ्यांना सांगायची. दुसऱ्यांच्या आयांचे मुखत्यार उलटेपालटे करून बघणाऱ्या या बाईनं आपल्या आईच्या मुखत्याराची यादीसुद्धा कधी मागितली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आणि रोजचा तो फोन होता. दिवेलागणीला आईचा मुखत्यार फोन करायचा. "चहा झाला का गं?" मग केतकी ऑफिसातलं, नवऱ्याचं, पायाच्या दुखण्याचं सगळं सांगायची आणि आई दोन शब्दांत असं काही बोलायची, की दिवसाचा शीण जायचा. हे प्रोग्रॅमचं काम नाही, हे सगळ्यांआधी केतकीला कळायला हवं होतं. पण आईच्या बाबतीत तज्ज्ञ कोण असतं?

दुपारी ती ब्राह्मणपुरीतल्या कौस्तुभच्या फ्लॅटवर आली. मुखत्याराची डबी तिनं जेवणाच्या टेबलावर ठेवली. कौस्तुभ दवाखान्यात होता. प्रणिता दार उघडून स्वयंपाकघरात निघून गेली. आत नळ सुरू झाला आणि भांड्यांचा आवाज येऊ लागला.

"तुला काय काय येतं?" केतकीनं विचारलं.

आईचा आवाज यादी म्हणू लागला. वीजबिल भरणे. गॅस नोंदवणे. रक्तदाबाची गोळी आठवून देणे. पहाटे विष्णुसहस्रनाम लावणे. पेन्शनचा हयातीचा दाखला देणे. रोज संध्याकाळी केतकीला फोन करून 'चहा झाला का' विचारणे; 'नाही' म्हणाली तर 'मग घे आधी' असं सांगणे. आणखी अशाच काही. मग आवाज थांबला.

केतकी थांबून राहिली. पुढं काहीच आलं नाही. नळीबद्दल नाही, दवाखान्याबद्दल नाही. तिच्या पायाच्या दुखण्याबद्दल नाही आणि ऑफिसातल्या कटकटींवरच्या दोन शब्दांबद्दलही नाही. एवढीशी यादी! एखाद्या दुकानातल्या नोकराची याहून मोठी असते.

तिचा राग अजून वर होता. तिनं टॅबलेट काढला आणि मुखत्यारावर माग बसवला. माग म्हणजे तपासनिसाची बाहेरची नजर. ऑब्जेक्टला मारलेली हाक कुठून कुठं जाते, ते पडद्यावर रेघेनं उमटवणारा प्रोग्रॅम. मग तिनं सहज तोंडात आलेला प्रश्न विचारला.

"आई, अळूच्या भाजीत तू आंबट काय घालतेस?"

रेघ निघाली. आधी वासंतीबाईंच्या स्वतःच्या कृतींत शोध झाला. मिळालं नाही. मग सर्व मुखत्यारांना जन्मतः येणाऱ्या कृतींत. तिथंही नाही. मग सगळ्या ऑब्जेक्टच्या मूळ पूर्वजापाशी. तिथून रेघ वळली आणि मागच्या दारानं बाहेर पडली.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"चिंच गं," आईचा आवाज म्हणाला. "आणि गूळ जरा सढळ हातानं."

नळ पुन्हा सुरू झाला. रेघेच्या टोकाशी नाव उमटलं होतं: प्रणिता कौस्तुभ देशिंगकर.

केतकी त्या नावाकडे बघत राहिली. आई आमसूल घालायची. गेली दोन वर्षं मात्र फोनवर चिंच सांगत होती आणि केतकीही चिंच घालत होती. तिचा नवरा सलील बोटं चाटून म्हणायचा, 'अगदी सासूबाईंच्या हातची चव आली बघ तुझ्या हाताला.' तिनं ओठ घट्ट मिटले. मग आवाज शक्य तितका साधा ठेवून दुसरा प्रश्न विचारला.

"आई, प्रणिता कशी वागते गं तुझ्याशी?"

नळ बंद झाला. या वेळी बराच वेळ काहीच आलं नाही. आत ओट्यावर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला.

"बरी वागते," आई म्हणाली. "तू काळजी नको करू."

केतकी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली. प्रणिता ओट्याला टेकून उभी होती. ओल्या हातात फोन होता आणि साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

"कधीपासून?"

"आईंची वाचा गेली तेव्हापासून."

"सगळं?"

"'चहा झाला का' तेवढं मशीन विचारते. पुढचं मी बोलते."

केतकीनं दाराची चौकट धरली. दोन वर्षांतल्या संध्याकाळी एकामागून एक तिच्या अंगावर आल्या. 'आई, तिला साधं वरण तरी जमतं का गं?' 'कौस्तुभला जरा बरी मिळाली असती.' 'तिच्या माहेरचे लोक ते, बोलण्याची रीत नाही.' आणि दर वेळी आईचं ते समजुतीचं बोलणं: 'असू दे गं. शिकेल हळूहळू. तू मनावर नको घेऊ.'

"मी तुझ्याबद्दल जे जे..."

"ऐकलं न सगळं," प्रणिता म्हणाली. "रोज ऐकलं. माझ्याबद्दल तुमची समजूत मीच काढत होती, ताई. बाप्पा, असं कुणाच्या नशिबात असते का!"

यात हसू येण्यासारखं काहीतरी होतं. दुसऱ्या घरात, दुसऱ्या दोघी असत्या तर हसल्याही असत्या. केतकीला मात्र कुणीतरी भर चौकात पदर ओढल्यासारखं झालं आणि लाज वाटली की ती नेहमी करायची तेच तिनं केलं. दोष शोधला.

"आणि गेल्या दिवाळीला? 'या वर्षी येऊ नकोस, मला दगदग सोसत नाही' असं आई म्हणाली होती. तेही तूच?"

प्रणितानं पहिल्यांदाच मान खाली घातली.

"ते मी माझ्यासाठी बोलली. आईंचं सगळं अंथरुणात होतं, मी थकून गेली होती. तुम्ही आल्या असत्या तर तुमचंही मन राखावं लागलं असतं. चुकलं माझं."

"चुकलं? माझं माहेर तोडलंस तू! आईच्या तोंडानं!" केतकीचा आवाज चढला. "आणि आता नळी नको म्हणतेस, तेही तुझ्यासाठीच. थकलीस ना? मोकळं व्हायचंय!"

"नाही. ते आईंचं आहे." प्रणितानं आता सरळ तिच्याकडे पाहिलं. "कमळमावशीला नळी लावली होती, तेव्हा आई न मी दर गुरुवारी जात होतो. बाहेर आल्या की आई रिक्षात बसेपर्यंत माझा हात सोडत नव्हत्या. म्हणत, 'माझं असं करू नको गं, प्रणिता. घरी ने मला.' कितीदा म्हणाल्या."

"मला कधी म्हणाली नाही."

"तुम्ही विचारलं नाही, ताई."

कौस्तुभ परत आला तेव्हा दोघी समोरासमोर उभ्या होत्या. त्यानं बहिणीचं सगळं ऐकून घेतलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे मला ठाऊक होतं, ताई. आईनं तसंच ठेवायला सांगितलं होतं."

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक. मीच तेवढी परकी."

"तू स्वतःला करून घेतलीस परकी. दोन वर्षांत कितीदा येऊन बसलीस तिच्यापाशी? फोनवर मात्र रोज माया उतू जायची."

"ठीक आहे. आता निबंधकासमोर बोलू."

"बोल. पण या घरात राहून नको बोलूस."

केतकीनं बॅग उचलली आणि स्टेशन रोडवर एका लॉजमध्ये खोली घेतली. त्याच संध्याकाळी तिनं अर्ज केला. 'चहा झाला का गं?' म्हणून फोन वाजला, तेव्हा तिनं तो कापला.

आजाऱ्यांच्या प्रकरणांची सुनावणी लगोलग, दुसऱ्याच सकाळी होई. सांगलीच्या मुखत्यार निबंधक कार्यालयात आवटी नावाचे निबंधक होते. निवृत्तीला आलेले, चष्म्यावरून बघणारे गृहस्थ. केतकीला पाहून ते जरा उठल्यासारखे झाले.

"बाई, पुण्यात तुमच्या वर्गाला बसलोय मी. 'यादीवर थांबू नका.' अजून पाठ आहे." मग त्यांनी समोर ठेवलेली मुखत्याराची डबी पुढं ओढली. "म्हणून मीही थांबलो नाही. सोपवण घातली गेली त्या वेळचं बोलणं ऑब्जेक्टच्या आठवणीत जपलेलं असतं. तुम्ही ते काढलं नसावं."

केतकीनं ते काढलं नव्हतं. काढायची तिची हिंमत झाली नव्हती.

आवटींनी कळ दाबली. खोलीत आईचा आवाज आला. हा मुखत्याराचा नव्हता. ही खरी आई होती, वाचा जाण्यापूर्वीची, मध्येच खोकणारी.

"हे बघ रे बाबा यंत्रा, तुला येत नसेल ते प्रणिताला विचारत जा. तिला माझं सगळं ठाऊक आहे. आणि केतकीला सांगू नका. तिला वाटेल, आई सुनेची झाली. उगाच मनाला लावून घेईल. तिला रोज माझ्याशी बोलायला मिळू दे, म्हणजे झालं."

आवाज संपला. कौस्तुभ खिडकीबाहेर बघत होता. प्रणिता पदरानं डोळे पुसत होती.

केतकीला काय वाटलं? तिला समाधान वाटायला हवं होतं, की कुणी काही फसवून घातलेलं नाही. तिला आईची माया जाणवायला हवी होती. तीही त्या बोलण्यात होती, काठोकाठ होती. पण केतकीला त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं: 'तिला माझं सगळं ठाऊक आहे.' तिला. मला नाही. मत्सरानं तिचं अंग पेटलं. आपण चुकलो आहोत हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं, आणि कळल्यामुळेच माघार घेणं तिला अशक्य झालं.

"हे घरी केलेलं आहे," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला कोरडा ठणठणीत वाटला. "सोपवण बदलताना बाहेरचा साक्षीदार लागतो. इथं साक्षीदार नाही. नियमाप्रमाणे ही सोपवण रद्द ठरते."

आवटींनी चष्मा काढला. "नियम तसा आहे खरा. पण बाई, इच्छा तर तुम्ही आत्ता कानांनी ऐकलीत. अर्ज मागे घेता येतो. मी पाच मिनिटं बाहेर जाऊन येऊ का?"

"नको. नियमाप्रमाणे करा."

"ताई," कौस्तुभ म्हणाला, "तुला आई हवीय की जिंकायचंय?"

आवटींनी निमूटपणे हुकूम काढला. सोपवण प्रणिताकडून काढून कायद्याप्रमाणे थोरल्या अपत्याकडे, म्हणजे केतकीकडे. आधीचा नकार बाद. डॉक्टरांनी मुखत्याराला नव्यानं विचारावं.

बाहेर पायऱ्यांवर प्रणिता थांबली. तिचे डोळे लाल होते, पण आवाजात आता राग होता, साधा आणि पुरता.

"घ्या, ताई. मिळालं न तुम्हाला. दोन वर्षं संध्याकाळी कुकर बंद करून बोलली मी तुमच्याशी. आता तुम्ही तयार राहत जा."

केतकीला वाटलं, ही नळीबद्दल बोलतेय. ती मिरजेच्या गाडीकडे वळली.

दवाखान्यात डबी उशाशी परत ठेवून ती आईपाशी बसली. आता तिथं दुसरं कुणी नव्हतं. कौस्तुभनं निरोप ठेवला होता, की ताई असेल तोवर आम्ही येत नाही. आईच्या ओठांवर कोरड आली होती. केतकीनं ओला कापूस फिरवला. आईनं डोळे उघडले, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मग नजर तिच्या खांद्यावरून दाराकडे गेली. दारात कुणी नव्हतं. नजर तिथंच राहिली.

"आई, मी आहे ना. केतकी."

आईची नजर दारावरून हलली नाही.

डॉ. मुजावर आल्या. "हुकूम पोचला मला. नळी उद्या सकाळी घालता येईल. मुखत्याराला परत विचारून घेते." त्यांनी उशाजवळच्या डबीकडे वाकून नेहमीच्या सुरात प्रश्न विचारला. डबी गप्प राहिली. केतकीच्या पर्समधला फोन थरथरला.

'वासंती देशिंगकर यांच्यासाठी प्रश्न: पोटातून नळी घालण्यास संमती आहे का?'

"ओ, आता तुमच्याकडे येतंय का!" डॉक्टर म्हणाल्या. "मग काय, द्या उत्तर. तुमचं मत तर ठरलेलंच आहे."

खरंच, मत ठरलेलं होतं. याच एका 'हो'साठी तिनं भावाचं घर सोडलं होतं, मेलेल्या नियमाला जिवंत केलं होतं. केतकीनं अंगठा 'हो'वर नेला. आई दाराकडे बघत होती. कमळमावशीचं शेवटचं वर्ष केतकीला डोळ्यांपुढं आणायचं होतं, पण आणणार कुठून? ती मावशीला भेटायलाच गेली नव्हती. गुरुवारी रिक्षात बसेपर्यंत आई जो हात सोडत नव्हती, तो केतकीचा नव्हता. अंगठा खाली येईना.

"जरा वेळ द्या," ती म्हणाली.

"सकाळपर्यंत द्या म्हणजे झालं," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

केतकी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली. समोरच्या चहाच्या गाड्यावर दिवा लागला होता. तिनं प्रणिताचा नंबर काढला, बघितला आणि ठेवून दिला. काय म्हणून विचारणार होती? काल घरात आणि आज निबंधकासमोर जे बोलून झालं होतं, त्यानंतर कुठल्या तोंडानं? अंगातली सगळी ईर्ष्या ओसरली होती आणि आता तिला कुणाशीतरी बोलायचं होतं. लहानपणी ताप आल्यावर वाटायचं तसं, फक्त आईशी.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर आईचा फोटो होता, चष्मा कपाळावर सरकवलेला.

"चहा झाला का गं?"

केतकीचा बांध फुटला. आपण कोण आहोत, काय शिकवतो, आज सकाळी काय करून आलो, सगळं ती विसरली.

"नाही झाला, आई."

"मग घे आधी."

"आई, माझं चुकलं गं. मला काही कळेनासं झालंय." तिनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. "तूच सांग ना. काय करू? घालू का नळी?"

पलीकडे शांतता पसरली. ही शांतता तिच्या ओळखीची होती. रोज प्रश्नानंतर ती एवढीच असायची आणि मग तो घोगरा, टेकणारा आवाज यायचा. केतकी डोळे मिटून थांबली.

कानाशी धरलेला फोन थरथरला. तिनं तो समोर धरला.

'वासंती देशिंगकर यांच्यासाठी प्रश्न: "आई, माझं चुकलं गं. काय करू? घालू का नळी?" कृपया उत्तर बोला. ते त्यांच्या आवाजात ऐकवलं जाईल. विचारणारी व्यक्ती वाट पाहत आहे.'